बाबांच्या कॅसेट्स ड्राइव्हवर ठेवल्या, आता पोलीस येतील का?

पत्र:

"माझे वडील गेल्या वर्षी गेले. नाट्यसंगीत, अभंग, रागदारी यांचं त्यांना प्रचंड वेड. घरात दोन खोके भरून कॅसेट्स आहेत, बऱ्याचशा विकत घेतलेल्या, काही त्यांनी स्वतः गणपतीतल्या बैठकांना डेक घेऊन जाऊन रेकॉर्ड केलेल्या, शिवाय सीडीज. दिवाळीत मुलानं त्यातल्या पुष्कळशा डिजिटल करून माझ्या गुगल ड्राइव्हवर टाकल्या, आणि त्याच फोल्डरमध्ये त्यानं टेलिग्रामवरून घेतलेले पिक्चर आणि त्याच्या लग्नाचा व्हिडिओपण टाकला. मी लिंक घरच्या ग्रुपवर दिली, ती फिरत फिरत संगीतप्रेमींच्या एका मोठ्या ग्रुपवर गेली. तिथे एका गृहस्थांनी लिहिलं की ही सरळसरळ पायरसी आहे, जेलमध्ये जाल. त्याच दिवशी एका फाइलवर कॉपीराइटची नोटीस दिसली. मी घाबरून सगळं डिलीट करून टाकलं. कॅसेट्सपण रद्दीवाल्याला देऊन मोकळी होऊ का? मुलगी जर्मनीत असते, तिला आजोबांची गाणी ऐकायचीयेत, तिला कशी देऊ? नाव छापू नका. सातारा."

ताई, बाकीचं सगळं मागाहून वाचा, आधी ड्राइव्हमधली ट्रॅश उघडा. डिलीट केलेलं तिथे ३० दिवस राहतं आणि मग कायमचं जातं, त्यामुळे दिवस मोजत बसू नका, आत्ताच बाबांचं फोल्डर सिलेक्ट करून रिस्टोअर दाबा. परत आलं की लगेच शेअरवर जाऊन बघा, तिथे 'लिंक असलेला कोणीही' असं दिसलं तर ते 'रिस्ट्रिक्टेड' करा. एवढं केलंत की जी लिंक गावभर फिरतेय ती मेली. ज्याच्याकडे आहे तो उघडेल आणि त्याला परवानगी मागा असं दिसेल, तुम्ही द्यायची नाही, संपलं.

आणि कॅसेट्स रद्दीवाल्याला अजिबात द्यायच्या नाहीत. का ते पुढे सांगते.

आता त्या गृहस्थांचं बोलणं. ते पूर्ण चुकीचे नाहीत, पण त्यांनी दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केली आणि तुम्हाला उगाच धसका बसला. एक आहे स्वतःजवळची गोष्ट स्वतःसाठी कॉपी करून ठेवणं, दुसरी आहे ती कॉपी लोकांना देणं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात शेवटची मोठी दुरुस्ती झाली २०१२ साली, आणि त्यातल्या कलम ५२ मध्ये काय काय केलं तर उल्लंघन होत नाही त्याची लांबलचक यादी आहे. त्या यादीतली अगदी पहिलीच गोष्ट म्हणजे खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेला वाजवी वापर. २०१२ च्या आधी ही सवलत पुस्तकं, नाटकं, संगीतरचना, चित्रं अशा गोष्टींपुरती होती, ध्वनिमुद्रणं आणि सिनेमे तिच्यात नव्हते. दुरुस्तीनंतर ती कॉम्प्युटर प्रोग्राम सोडून सगळ्यांना लागू झाली (प्रोग्रामच्या बॅकअपची सोय त्याच कलमात वेगळी आहे). आणि तिथेच खाली खुलासा जोडलाय की या कारणासाठी एखादी कलाकृती कुठल्याही इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवली तर ते उल्लंघन धरायचं नाही. कुठल्याही म्हणजे कुठल्याही, पेनड्राइव्ह असो, घरातली हार्ड डिस्क असो, नाहीतर दुसऱ्याच्या सर्व्हरवरची तुमची जागा असो. तेव्हा बाबांनी पैसे मोजून घेतलेल्या कॅसेटची कॉपी काढून ती तुमच्या खाजगी फोल्डरमध्ये ठेवली यात तुमचं काही चुकलेलं नाही, निर्धास्त रहा.

चुकलं ते लिंकमध्ये. आणि इथे मी तुम्हाला गोड बोलून बरं वाटवणार नाही, कारण हे नीट समजलं तरच पुढे त्रास होणार नाही. कायद्यात कलाकृती 'लोकांपर्यंत पोचवणं' हा हक्क मालकाकडे ठेवलाय आणि त्याची व्याख्या खूप रुंद आहे, लोकांना बघता ऐकता येईल अशी ती उपलब्ध करून दिली की पुरे, प्रत्यक्षात कोणी ऐकली की नाही ऐकली याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. म्हणजे 'अहो पण कोणी डाउनलोडच केलं नाही' हे उत्तर चालत नाही. लेकीला, भावाला, नातवाला ऐकवणं हे घरातलं झालं, माझ्या मते त्यात खाजगीपणा मोडत नाही. पण शेकडो अनोळखी माणसांच्या ग्रुपवर उघडी लिंक म्हणजे चावडीवर ठेवल्यासारखंच आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

जेलचं विचारलंत म्हणून सांगते. कलम ६३ खाली जाणूनबुजून उल्लंघन केलं तर ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, आणि २०२२ साली सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सांगितलंय, त्यामुळे 'काही होत नाही हो' असं म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. मात्र त्याच कलमात धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं नसेल तर कोर्टाला शिक्षा कमी करायची मुभा आहे, आणि मुळात 'जाणूनबुजून' हा शब्द महत्त्वाचा आहे. तुम्ही घरच्यांना दिलेली लिंक दुसऱ्याच कोणीतरी पुढे ढकलली, तुम्हाला कळल्याबरोबर तुम्ही ती बंद केली, यात गुन्हेगारी मला कुठेच दिसत नाही. फक्त आता तुम्हाला माहीत झालंय, तेव्हा ती लिंक परत उघडी करायची नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. त्या ग्रुपवर दोन ओळी लिहून टाका की ही आमची घरगुती लिंक होती, चुकून इकडे आली, बंद केली आहे, कोणी उतरवून घेतलं असेल तर कृपया पुढे पाठवू नका. वाद घालत बसू नका.

आता ती नोटीस. तुम्हाला वाटलं ती बाबांच्या गाण्यांवर आली, पण मला जवळपास खात्री आहे की ती टेलिग्रामच्या पिक्चरवर असणार, फाइलचं नाव परत एकदा बघा. अशा कंपन्या हे कसं ओळखतात ते सांगते. प्रत्येक फाइलचं गणित करून एक लांबलचक आकडा काढता येतो, त्याला हॅश म्हणतात, आणि फाइलमधला एक कण जरी बदलला तरी तो आकडा पूर्ण वेगळा येतो. टेलिग्रामवरचा पिक्चर हजारो लोकांकडे अगदी हुबेहूब तोच असतो, म्हणून त्याचा हॅशही सगळीकडे तोच. एकदा मालकानं तक्रार केली की तो आकडा यादीत जातो आणि मग कोणीही ती फाइल शेअर करायला गेलं की अडवली जाते. ड्रॉपबॉक्सनं तर २०१४ सालीच हे उघड सांगितलं होतं की आम्ही लोकांच्या खाजगी फोल्डरमध्ये डोकावत नाही, लिंक शेअर होते तेव्हा आकडा जुळतोय का तेवढं बघतो. तुमच्या मुलानं घरच्या टेपवरून, त्या टेपच्या खरखरीसकट, स्वतः रेकॉर्ड केलेली फाइल जगात दुसऱ्या कोणाकडे नाही, तिचा आकडा कुठल्या यादीत सापडणार? (अर्थात मशीनही चुकतं. जानेवारी २०२२ मध्ये ज्या फाइलमध्ये फक्त १ हा एक आकडा लिहिलेला होता अशा फाइलवरही गुगल ड्राइव्हनं कॉपीराइटचा शिक्का मारला होता आणि मग गुगलला ते दुरुस्त करावं लागलं. तसं काही तुमच्याच रेकॉर्डिंगच्या बाबतीत झालं तर फेरतपासणी मागायची सोय असते, ती मागा.)

पण ही ड्राइव्हची गोष्ट झाली, यूट्यूबचा हिशेब वेगळा. तिथे कंटेंट आयडी म्हणून यंत्रणा आहे ती फाइल नाही, आवाज ओळखते, त्यामुळे जुन्या कॅसेटवरचं गाणं असलं तरी पकडते, आणि व्हिडिओ 'अनलिस्टेड' म्हणजे फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल असा ठेवला तरी पकडते. बरेच लोक यूट्यूबलाच फुकटचं कपाट समजून घरचं सगळं तिथे चढवून ठेवतात. तुम्ही तसं करू नका.

टेलिग्रामचे पिक्चर मात्र चिरंजीवांना काढायला सांगा, सगळे, आजच. त्यांना बॅकअप म्हणताच येत नाही. बॅकअप कशाचा, तर आपल्याकडे जी रीतसर घेतलेली मूळ वस्तू आहे तिचा. जे मुळात चोरून आलं त्याला कलम ५२ ची सवलत मिळेल या भरवशावर राहू नये, आणि त्या चार पिक्चरपायी उद्या अकाउंटवर कारवाई झाली तर बाबांची रेकॉर्डिंग्जही त्याच अकाउंटमध्ये अडकतील. ही भीती मी उगाच घालत नाहीये. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकन सरकारनं मेगाअपलोड नावाची साइट पायरसीच्या आरोपावरून बंद केली, आणि तिथे ज्यांनी आपल्या स्वतःच्या, शंभर टक्के कायदेशीर फाइल्स ठेवल्या होत्या तेही बाहेर राहिले. ओहायोतला एक माणूस शाळांच्या मॅचेसचं शूटिंग करायचा, त्याचं काम तिथे होतं, ते परत मिळावं म्हणून त्याला कोर्टात जावं लागलं. त्याचा काय दोष होता?

म्हणून रद्दीवाल्याला नाही म्हणते. एक तर मूळ कॅसेट आणि सीडी हाच तुमचा पुरावा आहे की ही कॉपी आपल्याच मालाची आहे. मूळ माल विकून किंवा वाटून टाकायचा आणि कॉपी ठेवून घ्यायची, हे मग वाजवी राहत नाही. आणि दुसरं, डिजिटल कॉपी आज आहे, उद्याचं कोणी सांगावं. गुगलचंच बघा, २ वर्षं अकाउंट वापरलं नाही तर ते उडवायचा त्यांना अधिकार आहे, तसा नियमच आहे. म्हणून एक हार्ड डिस्क घ्या आणि सगळ्याची एक प्रत तिच्यावर ठेवा, जमलं तर दुसरी डिस्क भावाकडे किंवा मुलाकडे, दुसऱ्या घरात. ड्राइव्ह ही तिसरी जागा समजायची, पहिली नाही. तिथली जागाही लवकर संपते, ६० मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जात घेतली तर साधारण ६०० एमबीच्या वर जाते, म्हणजे फुकटच्या १५ जीबीत जेमतेम २३-२४ कॅसेट्स मावतील, आणि त्या १५ जीबीत तुमचं जीमेल आणि फोटोपण आलेच. आवाजातलं काही न गाळता फाइल लहान करणारा फ्लॅक फॉरमॅट वापरला तर साधारण निम्म्या जागेत बसतं आणि आवाज जसाच्या तसा राहतो. एमपी३ फक्त मोबाइलवर ऐकायला करा, जपून ठेवायची प्रत एमपी३ नको. आणि कोणी फाइल्स बघू नयेत असं वाटत असेल तर क्रिप्टोमेटरसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, ते चढवायच्या आधीच फाइल कुलूपबंद करतं. फक्त तो पासवर्ड तुमच्याशिवाय घरात अजून एकाला माहीत हवा, नाहीतर कुलूप आपल्यालाच लागायचं.

कुठली गाणी मोकळी झालीत, म्हणजे कॉपीराइट संपलाय, हेही बघायला हरकत नाही, पण त्यात लोक फार घाई करतात. ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ते प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे १९६० साली निघालेली रेकॉर्ड २०२० संपताना मोकळी झाली. पण रेकॉर्ड म्हणजे पूर्ण गाणं नव्हे, शब्द लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा हक्क वेगळा असतो आणि तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. तुकोबांचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत, नाटककार देवल १९१६ साली गेले त्यामुळे त्यांची पदंही शब्द म्हणून मोकळी आहेत. पण त्याच अभंगाला सत्तरच्या दशकात कोणी नवी चाल लावली असेल तर त्या चालीचा मालक आहे, आणि रेकॉर्ड काढणारी कंपनी आहे ती वेगळीच. 'जुनं आहे म्हणजे फुकट आहे' हे समीकरण तीनपैकी एकाच गोष्टीबद्दल खरं निघतं बरेचदा, म्हणून घरात ऐका बिनधास्त, वाटताना तिन्ही तपासा.

लग्नाच्या व्हिडिओबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत पण तो त्याच फोल्डरमध्ये आहे म्हणून पटकन सांगते. पैसे देऊन आपल्यासाठी काढून घेतलेले फोटो आणि फिल्म यांचा पहिला मालक कलम १७ प्रमाणे पैसे देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. फोटोग्राफरशी काही कागद झाला असेल तर तो वाचा. वरातीत, लग्नाच्या समारंभात गाणी वाजवायला कायद्यात मोकळीक आहे, पण ती वाजवण्यापुरती. एडिट करताना व्हिडिओला मागे जोडलेलं सिनेमाचं गाणं काही त्यामुळे आपलं होत नाही. घरच्या ड्राइव्हवर राहू दे खुशाल, फेसबुकवर टाकलात आणि आवाज बंद झाला तर कारण हे, एवढंच.

लेकीचं काम सोपं आहे. फोल्डर रिस्ट्रिक्टेड ठेवा आणि तिचा ईमेल त्यात जोडा, फक्त बघण्या-ऐकण्याची परवानगी द्या. जर्मनीत खाजगी वापरासाठी कॉपी करायला कायद्यानंच परवानगी आहे, मात्र डीव्हीडीचं डिजिटल लॉक तोडून नाही आणि उघड उघड बेकायदा ठिकाणाहून आलेल्या मालाची तर नाहीच. मार्च २०२२ मध्ये युरोपियन न्यायालयानं ऑस्ट्रियातल्या एका खटल्यात सांगितलं की क्लाउडवर ठेवलेली कॉपीही या खाजगी कॉपीच्या सवलतीत येते, बदल्यात हक्कदारांना योग्य मोबदला मिळायला हवा, आणि तो तिथे स्टोरेजची साधनं बनवणाऱ्या-विकणाऱ्यांकडून शुल्क म्हणून घेतला जातो. सगळीकडे असं नाही बरं का, ब्रिटननं २०१४ साली घरगुती कॉपीला परवानगी दिली आणि २०१५ मध्ये तिथल्या हायकोर्टानं तीच रद्द केली. त्यामानानं आपला कायदा घरातल्या माणसाशी बराच समजुतीनं वागतो असं माझं मत आहे.

आणि आता जे मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते. विकतच्या कॅसेट्स उद्या हरवल्या तरी तेच गाणं कुठल्यातरी ॲपवर बहुतेक मिळेल. बाबांनी स्वतः रेकॉर्ड केलेल्या बैठका कुठेच मिळणार नाहीत. मुलाला म्हणावं आधी त्या कर, त्या झाल्याशिवाय बाकी कशाला हात लावू नको. त्या कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना छोटे प्लॅस्टिकचे तुकडे असतात, ते शाबूत असतील तर अजूनही चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाऊन बैठक पुसली जाऊ शकते, ते तुकडे तोडून टाका. प्रत्येक कॅसेट लावायच्या आधी आतली टेप बघा, तिच्यावर पांढरी बुरशी दिसली तर तशीच वाजवायची नाही, डेकचं हेडही खराब होईल आणि पुढच्या कॅसेट्सही, जाणकाराकडून साफ करून घ्या. आणि आतलं कार्ड, ज्याच्यावर बाबांच्या अक्षरात राग, तारीख काहीबाही लिहिलेलं असेल, त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये त्याच नावानं ठेवा.

हक्कांचं म्हणाल तर स्वतःच्या वापरासाठी बैठक रेकॉर्ड करणं हे कलम ३९ प्रमाणे कलाकाराच्या हक्काचं उल्लंघन नाही, तेव्हा बाबांनी काही चोरलेलं नाही. पण ते गाणं गाणाऱ्याचं आहे हे विसरायचं नाही. १९९४ च्या दुरुस्तीनं कलाकारांना आपल्या सादरीकरणावर वेगळा हक्क मिळाला, आज त्याची मुदत ५० वर्षं आहे, म्हणून यातलं काहीही इंटरनेटवर टाकण्याआधी त्या कलाकाराच्या घरी फोन करा. माझं ऐकाल तर आधी त्यांनाच एक प्रत द्या, त्यांच्याकडे स्वतःच्या वडिलांचं किंवा आजीचं ते गाणं नसण्याचीच शक्यता जास्त. आणि लोकांना, विद्यार्थ्यांना ते ऐकायला मिळावं असं वाटत असेल तर उघड्या लिंकपेक्षा चांगली जागा आहे, गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीताच्या रेकॉर्डिंग्जचं संग्रहालय आहे, ते १९८२ साली सुरू झालं, तिथे खाजगी रेकॉर्डिंग्ज जमा करून घेतात आणि ती कोणी कशी वापरायची याच्या अटी जमा करणाऱ्याशी ठरवून घेतात. तिथे लिहिताना त्यांना यादी लागेल, कोण गायलं, कुठे, कुठल्या साली, तबल्याला कोण, पेटीवर कोण. कार्डावर नसेल तर त्या गणपती मंडळातली जी जुनी माणसं अजून आहेत त्यांना गाठा, फोनवर पाच मिनिटं ऐकवलं तरी ते सांगतील, आणि हे काम पुढच्या गणपतीपर्यंत लांबवू नका.